शांत मुलखाची नोंदवही

"आमच्याकडे सारे शांत आहे," हे वाक्य आदिलाबादकडील मराठी घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते एकदा तपासून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. हैदराबादला वा पुण्याला स्थायिक झालेल्या नातलगांशी बोलताना, मुलीच्या सासरचे वर्णन करताना, निवृत्तीनंतर कोठे राहावे याचा खल करताना हे वाक्य हमखास येते. शहरातील धकाधकीच्या मानाने पैनगंगेच्या दक्षिणेचा हा कापसाचा व सागवानाचा मुलूख खरोखरच निवांत भासतो. अनोळखी माणूस गावात आला की चार ओसरींवरून त्याची विचारपूस होते. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परगावी गेला आहे, हे साऱ्या गावास ठाऊक असते. माणूस माणसास ओळखतो, हीच खेड्यातील पहिली राखण होय.

या अनुभवात खोटे काही नाही. तरीही, शांतता म्हणजे नेमके काय, ती कोण राखतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न प्रत्येक जाणत्या कुटुंबाने अधूनमधून स्वतःस विचारावयास हवेत. आदिलाबादच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात त्यांची उत्तरे सापडतात, आणि ती नेहमीच सुखावणारी नाहीत.

आकडा काय सांगतो?

गावाच्या सुरक्षिततेविषयी बोलावयाचे म्हटले की आज आपण प्रथम आकड्यांकडे वळतो. भारतातील गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी १९५३ पासून प्रसिद्ध होत आली आहे, आणि १९८६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग हे काम पाहतो. 'गुन्ह्यांचे प्रमाण' म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे पोलिसांकडे नोंदले गेलेले गुन्हे. ही व्याख्या सोपी दिसते. परंतु तिच्यात दोन खाचा आहेत.

पहिली खाच लहान संख्येची. एक हजार वस्तीच्या गावात वर्षभरात एकच सायकल चोरीस गेली, तरी प्रमाण लाखास शंभर होते. पुढील वर्षी चोरी झाली नाही की ते शून्यावर येते. गाव बिघडलेही नाही आणि सुधारलेही नाही. म्हणून लहान गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून काही अनुमान काढणे हे एका दिवसाच्या पावसावरून पीकपाणी ठरविण्यासारखे आहे. शिवाय एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असतील, तर मोजणीत त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो. दरोडा घालून खून झाला, तर हिशेबात येतो तो खून.

दुसरी खाच अधिक खोल आहे. आकडा जे घडले ते मोजीत नाही. ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत जे पोहोचले आणि तेथील नोंदवहीत जे लिहिले गेले, तेवढेच तो मोजतो. घटना आणि नोंद यांमध्ये एक लांब वाट असते. त्या वाटेवर अंतर असते, बुडणारा मजुरीचा दिवस असतो, अब्रूची धास्ती असते आणि भाषाही असते. गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या बाईची कहाणी तेलुगू लिहिणाऱ्या हवालदाराच्या लेखणीतून उतरावयाची असते. या वाटेवरून किती जण परत फिरले, त्यांचा हिशेब कोणत्याच कोष्टकात नसतो. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा नोंदणी विभाग स्वतःच आपल्या अहवालांतून देत असतो. केरळसारख्या साक्षर राज्यात नोंदींचे प्रमाण देशात वरच्या बाजूस दिसते. तेथील माणसे इतरांहून अधिक दुष्ट आहेत असे कोणी म्हणणार नाही. तेथे माणूस तक्रार लिहून देतो आणि ती लिहून घेतली जाते, हेच त्याचे मुख्य कारण मानले जाते.

तेव्हा कोऱ्या नोंदवहीचे अर्थ दोन. एक, गावात खरोखरच काही घडत नाही. दुसरा, जे घडते ते सांगण्याची कोणास सोय वा हिंमत नाही. आदिलाबादने हे दोन्ही अर्थ पाहिले आहेत.

नोंदवहीत न आलेली चोरी

निजामाच्या राज्यातील आदिलाबाद हा विस्तीर्ण व विरळ वस्तीचा जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. किनवट नांदेड जिल्ह्यात राहिला, राजुरा कालांतराने चंद्रपुरास जोडला गेला. त्यामुळे येथील मराठी वस्ती कोठून आली हा प्रश्न फारसा बरोबर नाही. कित्येक घरे जागीच राहिली आणि सीमा त्यांच्या अंगणाजवळून सरकली. २०१६ मध्ये अविभक्त जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. यांतील शेवटच्या जिल्ह्यास ज्याचे नाव दिले, त्याची कथा आपल्या विषयाशी अगदी निगडित आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील जंगल राखीव होऊ लागले. रेल्वे व रस्ते आले, कापसास भाव आला, आणि मराठवाडा, वऱ्हाड व तेलंगणाच्या सपाट प्रदेशातून शेतकरी, व्यापारी व सावकार डोंगराळ भागाकडे सरकू लागले. गोंड व कोलाम फिरती शेती करीत. त्यांच्या हाती पट्टा नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हते. पटवाऱ्याच्या दप्तरात ज्याचे नाव चढले त्याची जमीन, असा नवा न्याय आला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या रानातून माणसे उठवली गेली. या घडामोडीत नव्याने आलेल्यांमध्ये मराठी बोलणारी माणसेही होती, हे सांगण्यात कमीपणा मानू नये.

या काळची पोलीस नोंदवही उघडली असती तर तीत काय आढळले असते? जंगलात विनापरवाना लाकूड तोडल्याबद्दल, राखीव रानात गुरे चारल्याबद्दल गोंडांवर झालेले दंड. जमीन गेल्याची नोंद मात्र गुन्हा म्हणून कोठेच नसती, कारण कागदोपत्री ती कायदेशीर होती. भीमच्या हातून जमिनीच्या तंट्यात एका माणसाची हत्या झाली, आणि तो परागंदा झाला. चांद्यास एका मुद्रकाकडे त्याने आश्रय घेतला व पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत काम केले, असे परंपरेने सांगितले जाते. परत आल्यावर त्याने बाबेझरी-जोडेघाट परिसरातील बारा गावांच्या लोकांस जमिनीच्या हक्कासाठी उभे केले आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. ठाण्याच्या लेखी तो आरोपी होता. आज त्याच्या नावाने जिल्हा आहे, आणि आश्विनातील पौर्णिमेस आदिवासी त्याचे स्मरण करतात.

याचा अर्थ हत्येचे समर्थन करावे असा नव्हे. जिल्हा १९४० पूर्वीही 'शांत'च समजला जात होता, एवढेच ध्यानी घ्यावे. ज्या अन्यायास नोंदवहीत रकाना नाही तो नाहीसा होत नाही. तो साचत राहतो, आणि एके दिवशी जेव्हा फुटतो तेव्हा नोंदवहीत फक्त स्फोटाची नोंद होते.

ऐकून घेणारे लोक

जोडेघाटानंतर निजाम सरकारने एक शहाणपणाचे काम केले. हे सारे का घडले याचा शोध घेण्यास त्याने मूळचे ऑस्ट्रियन असलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांस नेमले. ते व त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावात जाऊन राहिले, भाषा शिकले, आणि लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचविते झाले. मारलवाईस गोंड शिक्षक घडविणारी शाळा निघाली. जमिनीच्या वाटपाची योजना आखली गेली, आणि तीतून लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावे झाली. बेटी १९८७ मध्ये निवर्तल्या. त्यांची समाधी मारलवाईसच आहे.

या कामात एक मराठी नाव आपल्या वाचकांनी विसरू नये. इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांत वावरले. त्यांनी गोंडीचा अभ्यास करून तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही सिद्ध केले. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकणे याचे सुरक्षिततेच्या दृष्टीने केवढे मोल आहे! दुभाष्यावाचून ज्याच्यापाशी बोलता येते त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जातो, आणि तक्रार वेळेवर गेली की हातात कुऱ्हाड घेण्याची वेळ येत नाही.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतील दरबाराचा जन्मही याच दशकातला. पौष अमावस्येस मेस्राम कुळाची महापूजा होते, दूरदूरचे गोंड जमतात, आणि त्या मेळ्यातच अधिकाऱ्यांनी येऊन गाऱ्हाणी ऐकावीत असा प्रघात पडला. लोकांनी कचेरीत खेटे घालण्याऐवजी कचेरीनेच वर्षातून एकदा लोकांत येऊन बसावे, ही कल्पना आजही जुनी झालेली नाही.

पटेल, पंच आणि राय सभा

गोंडांची स्वतःचीही न्यायव्यवस्था होतीच. गावाचा प्रमुख पटला, त्यावर अनेक गावांचा मोकाशी, आणि तंटे ऐकणारी राय सभा. 'पटला' व 'मोकाशी' ही नावे ऐकताच आपणांस आपल्याच भाषेचे पडसाद ऐकू येतात. गोंडांचे भाट जे परधान, त्यांच्यातील अनेकांच्या घरी मराठीच बोलली जात असे. मारामारी, गुरे शेतात शिरणे, काडीमोड, कर्ज, वाटणी असे बहुतेक तंटे पंचांपुढे मिटत. शिक्षा म्हणजे दंड आणि सर्वांना जेवण. दोष ज्याचा असेल तोही शेवटी त्याच पंगतीस बसे. उद्या ज्याच्या शेजारी नांगर धरावयाचा आहे त्यास जन्माचा वैरी करून चालत नाही, हे शहाणपण त्या रीतीमागे होते.

सरकारनेही ही व्यवस्था पूर्णतः नाकारली नाही. १३५६ फसलीच्या, म्हणजे १९४६ च्या, आदिवासी क्षेत्र विनियमाखाली आणि १९४९ च्या नियमांखाली आदिवासी पंचायतींस किरकोळ दिवाणी व फौजदारी तंटे ऐकण्याचे अधिकार मिळाले. १९७० नंतरच्या दशकात उटनूर भागात राय सभा पुन्हा उभ्या करण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्या प्रमुखास सरमेडी म्हणतात. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस परंपरागत पद्धतीने तंटे मिटविण्याचा अधिकार मान्य केला.

मैदानी मराठी गावांत हे काम पोलीस पाटील करी. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद वंशपरंपरेच्या वतनातून सोडवून सरकारी नेमणुकीचे केले, आणि किनवट तालुक्यात पोलीस पाटील आजही आहे. पैनगंगेच्या अलीकडे १९८४ मध्ये आंध्र सरकारने पटेल-पटवारी पद्धतच मोडीत काढली. मोडण्यास कारणे पुरेशी होती. दप्तर हाती असलेल्यांनी गावावर केलेली सत्ता विसरण्याजोगी नव्हती. मात्र गावात घडणाऱ्या गोष्टीची पहिली वर्दी देणारा माणूसही त्याबरोबर गेला, आणि ती जागा नीटशी भरली गेली नाही.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाने समिती नेमावी, जुने तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि बक्षीस मिळवावे, अशी तिची योजना. या मोहिमेने अनेक गावांतील बांधांचे व वाटणीचे दावे कोर्टाबाहेर मिटले. परंतु तिच्यातून एक धडाही मिळतो. ज्या गावास तंटे नसल्याबद्दल बक्षीस मिळते, तेथे तंटा दाखल करणारा माणूस गावाचे बक्षीस बुडविणारा ठरण्याचा धोका असतो. आणि बहुधा तो माणूस दुबळाच असतो: मार खाणारी सून, मजुरी न मिळालेला गडी, रानात अडविलेली मुलगी.

तडजोडीची हद्द म्हणूनच ठाऊक असावी. बांध, गुरे, उसनवार, शिवीगाळ यांत पंच थोर. बालकांवरील लैंगिक अत्याचारात मात्र पंचांस बोलण्याचा अधिकारच नाही. २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशी गोष्ट ज्यास कळली त्याने ती पोलिसांस कळविली पाहिजे. लपविणे हाच गुन्हा आहे. बलात्कार, खून, जाळपोळ, अनुसूचित जातिजमातींवरील अत्याचार हेही ओसरीवर मिटविण्याचे विषय नव्हेत. 'मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, मिटवून टाका' असा सल्ला देणारा वडीलधारा माणूस शांतता राखीत नसतो. तो पुढच्या मुलीस असुरक्षित करीत असतो.

इंद्रवेल्ली

जमिनीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर मिटावयास हवा होता. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये यासाठी १९५९ चा विनियम झाला, आणि १९७० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक करण्यात आला. कायदा कागदावर उत्तम होता. अंमलबजावणी मात्र सावकाश व अपुरी झाली. बेनामी खरेदी, कर्जापोटी कसावयास घेतलेले शेत, नावापुरता आदिवासी मालक, असे प्रकार चालूच राहिले.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या बाजारच्या दिवशी जमिनीच्या मागण्यांसाठी सभा भरावयाची होती. परवानगी नाकारली गेली व जमावबंदी झाली; परंतु ती बातमी डोंगरातील पाड्यांवर पोहोचलीच नाही. माणसे आली, अडविली गेली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ आदिवासी मृत्यू पावले. इतरांनी केलेल्या नोंदींत ही संख्या कितीतरी अधिक आहे. एकाच दिवसाच्या मृतांच्या संख्येवर आजवर एकमत होऊ नये, याहून नोंदवहीच्या मर्यादेचे दुसरे उदाहरण कशास हवे? त्यानंतर कित्येक वर्षे या तिथीस इंद्रवेल्लीच्या स्मारकाजवळ जमावबंदी लागू होत राहिली. बाहेरून पाहणाऱ्यास तेव्हाही तेथे शांतताच दिसली असेल.

दोन घटना, एक बोध

गेल्या काही वर्षांतील दोन घटना या संदर्भात आठवतात. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी आसिफाबाद जिल्ह्यातील लिंगापूर मंडलात, खेडोपाडी फिरून केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या एका दलित स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून पोलिसांनी तिला 'समता' असे नाव दिले. तीनच दिवसांनी हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीची तशीच हत्या झाली आणि सारा देश हळहळला. शहरातील प्रकरणात ६ डिसेंबर रोजी चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, व ठिकठिकाणी लोकांनी फुले उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये ती चकमक खरी नव्हती असा निष्कर्ष दिला. लिंगापूरच्या स्त्रीसाठी मात्र प्रथम तिच्या आप्तांनी व तिच्या समाजानेच आवाज उठविला. आदिलाबादेत विशेष न्यायालय नेमले गेले, साक्षीपुरावा झाला, आणि ३० जानेवारी २०२० रोजी तिघांना दोषी ठरवून देहांताची शिक्षा सुनावण्यात आली. शिक्षेविषयी मते भिन्न असू शकतील. परंतु अवघ्या काही आठवड्यांत तपास व खटला रीतसर पार पडू शकतो, हे या मागास म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याने दाखवून दिले.

दुसरी घटना जैनूरची. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी एका आदिवासी स्त्रीवर रिक्षाचालकाने हल्ला केला. प्रथम हा प्रकार रस्त्यावरील अपघात समजला गेला. शुद्धीवर आल्यानंतर तिने खरे काय घडले ते सांगितले. दरम्यान मने पेटली होती. आरोपीस अटक झालेली असतानाही ४ सप्टेंबरला जैनूरात दुकाने व घरे जाळली गेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता, ते केवळ आरोपीच्या धर्माचे म्हणून देशोधडीस लागले. भैंसा गावाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये असेच दिवस पाहिले आहेत. तेथील मराठी घरांस त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

एका ठिकाणी तक्रार लिहिली गेली, न्यायालय बसले आणि दुःखास वाट मिळाली. दुसऱ्या ठिकाणी सत्य कळण्यास चार दिवस लागले, व त्या चार दिवसांत अफवेने नोंदवहीची जागा घेतली. गावाची सुरक्षितता अशा चार दिवसांत ठरत असते.

आपल्या घरापासून

मग एका साध्या कुटुंबाने काय करावे? प्रथम कायद्याने दिलेल्या सोयी माहीत करून घ्याव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. जिवती-केरामेरीच्या सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा यांसारख्या गावांची नावे वर्षानुवर्षे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत राहिली आहेत. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तराने अशा गावच्या माणसास परत पाठविता येऊ नये, यासाठी ही तरतूद मोलाची आहे. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांस लेखी कळविता येते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तींस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. तातडीच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आता चोर भिंतीस भोक पाडून येत नाही, तो भ्रमणध्वनीवरून बँकेचा अधिकारी म्हणून बोलतो. तशा फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थोपवून धरली जाण्याची शक्यता अधिक.

परंतु क्रमांक पाठ असणे पुरेसे नाही. आपल्या समाजातील बहुतेक घरांत कोणी ना कोणी वकील, शिक्षक, ग्रामपंचायतीचा सदस्य वा दुकानदार असतो. लिहिता-वाचता येणारा, ठाण्यात शिरताना पाय न अडखळणारा. हे भांडवल सर्वांपाशी नसते. शेतावर राबणारी कोलाम बाई, कापूस वेचण्यास आलेली मजुरीण, फेरीवाली यांच्यावर काही प्रसंग आला, तर त्यांच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जाणे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहिले जाते की नाही हे पाहणे, एवढे आपल्या हातून होण्याजोगे आहे. त्यात शौर्य नाही. मात्र दुसऱ्या दिवशी साऱ्या गावास कळते, की या गावी कोणाचेही ऐकून घेतले जाते.

तसेच, गावात काही घडले तर पहिल्या चार दिवसांत आपल्या तोंडून व आपल्या भ्रमणध्वनीवरून जे बाहेर पडते, त्याचा जबाबदारीने विचार करावा. आरोपी एक असतो, त्याची जात वा धर्म आरोपी नसतो. जळत्या दुकानाचे छायाचित्र पुढे पाठविणारा प्रत्येक जण त्या आगीत एक काडी टाकीत असतो. घरातील मोठ्या माणसांनी ही गोष्ट मुलांस सांगितली तर मुले ऐकतात. व्यासपीठावरून सांगितलेली ऐकत नाहीत.

आणि जमिनीचा विषय निघाला की थोडे थांबावे. अनुसूचित क्षेत्रातील एखादा पट्टा 'कोणाच्या तरी नावावर' स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे याचे उत्तर जोडेघाट व इंद्रवेल्ली येथे लिहिलेले आहे. असा व्यवहार कायद्याने टिकत नाही, आणि टिकला तरी त्यावर उभे राहिलेले घर सुखाची झोप देत नाही.

पुढील वर्षी आपल्या मंडलातील नोंदींचा आकडा थोडा वाढलेला दिसला, तर लगेच घाबरून जाऊ नये. वाढ कशाची आहे ते पाहावे. खून व दरोडे वाढले असतील तर ती चिंतेची बाब खरी. पण घरात मार खाणाऱ्या स्त्रियांनी दिलेल्या, मजुरांनी दिलेल्या, आदिवासींनी दिलेल्या तक्रारी वाढल्या असतील, तर काल जे मुकाट्याने सोसले जात होते ते आज सांगितले जाऊ लागले असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या गावातील सर्वांत दुबळ्या माणसास ठाण्याची पायरी चढताना भीती वाटत नाही, असे ज्या दिवशी म्हणता येईल, त्या दिवशी 'आमच्याकडे सारे शांत आहे' हे वाक्य नातलगांस निःशंकपणे सांगावे.